पेशी लांबल्या म्हणजे एफटीएसझेड बंद पडलं असं नाही

धुळ्याच्या ताई, तुमची अडचण ओळखीची आहे. ई. कोलाय या जिवाणूला डीएनएला इजा करणारं नॅलिडिक्सिक ॲसिड दिलं, पेशींचे लांब धागे झाले, पण एफटीएसझेडच्या (पेशी दुभागताना वलय बनवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाच्या) प्रमोटरमागे, म्हणजे जनुक सुरू करणाऱ्या तुकड्यामागे, जोडलेल्या लॅकझेड या मोजणीच्या जनुकाचं रीडिंग खाली आलं नाही. म्हणून गाइड म्हणतात, प्रयोग फसला, पुन्हा क्लोन करा. इतक्यात करू नका.

डीएनएला इजा झाली की रेकए प्रथिनाच्या मदतीने लेक्सए हे दाबून ठेवणारं प्रथिन स्वतःला कापून घेतं आणि त्याने दाबून ठेवलेलं सुलए जनुक मोकळं होतं. ट्रान्सक्रिप्शन (जनुकावरून आरएनए बनणं) बदलतं ते सुलएचं. सुलए प्रथिन मग तयार असलेल्या एफटीएसझेड प्रथिनालाच धरतं आणि वलय बनू देत नाही. खात्रीसाठी सुलए काढलेला स्ट्रेन सोबत लावा. त्यातही थोडे धागे दिसतील, कारण गुणसूत्रं वेगळी न झाल्यानेही विभाजन अडतं. त्याने घाबरू नका.

खरा घोळ तुम्ही लॅकझेडपुढे जोडलेल्या ४०० बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) प्रमोटर-तुकड्यात आहे, आणि यात लोकांची वर्षं जातात. एफटीएसझेड एकटं बसत नाही. विभाजन आणि पेशीभित्तीच्या जनुकांच्या डीसीडब्ल्यू समूहाच्या जवळजवळ शेवटी असतं. जवळचे प्रमोटर त्याच्या आधीच्या एफटीएसए जनुकाच्या आत आहेत, आणखी काही एफटीएसक्यू आणि डीडीएलबी या त्याआधीच्या जनुकांमध्ये. निम्म्याहून जास्त आरएनए मात्र त्याहीपेक्षा वरून वाहत येतो. समूहाच्या तोंडाशी एमआरएझेड या पहिल्या जनुकाचा प्रमोटर आहे, सुमारे साडेपंधरा हजार बेस दूर, आणि एमआरएझेड प्रथिन तोच प्रमोटर दाबतं. एसडीआयए, आरसीएसबी या नियंत्रक प्रथिनांच्या बसण्याच्या जागाही एफटीएसझेडच्या अगदी तोंडाशी नाहीत. ४०० बेस तोडून घेतले की नियंत्रणाचा मोठा भाग फ्लास्कबाहेरच राहिला. मग 'नियंत्रण नाही' हा निष्कर्ष तुमच्या कात्रीचा असतो, जिवाणूचा नाही. गुणसूत्रावर मूळ जागी असलेल्या एफटीएसझेडचा एमआरएनए आरटी-पीसीआरने (आरएनएचा डीएनए करून, तो वाढवून) मोजा. डीएनए कापणारं डीएनेज द्या आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएचा डीएनए करणारं एन्झाइम) न घातलेली नळी प्रत्येक नमुन्याला ठेवाच. जिवाणूच्या जनुकांत सहसा इन्ट्रॉन (आरएनएतून गाळले जाणारे मधले तुकडे) नसल्याने उरलेला डीएनए हुबेहूब आरएनएसारखा वाढतो.

फ्यूजन (प्रमोटर आणि लॅकझेडचा जोड) लॅम्डा लायसोजेनमध्ये, म्हणजे गुणसूत्रात लॅम्डा फाज (जिवाणूचा विषाणू) झोपलेला असलेल्या पेशीत, असेल तर आणखी एक खड्डा: याच इजेने तो झोपलेला फाज (प्रोफाज) जागा होतो आणि कल्चर फुटतं. ओडी (कल्चरचा गढूळपणा) अचानक घसरला तर आधी हे तपासा. पेशीत अनेक प्रती असणारं प्लाझमिडही (गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं कडं) नको, नियंत्रक प्रथिन त्या प्रतींतच वाटलं जातं. गुणसूत्रावर एकच प्रत, फाजशिवाय.

मोजणीबद्दल. लॅकझेडचं एन्झाइम, बीटा-गॅलॅक्टोसिडेज, टिकाऊ आहे. प्रमोटर आज बंद झाला तरी जुनं एन्झाइम वाढीने पातळ होईपर्यंत आकडा तसाच दिसतो. म्हणून एका वेळचं रीडिंग नको. दर १५ मिनिटांनी नमुना घ्या, कल्चरच्या प्रत्येक मिलीची ॲक्टिव्हिटी ओडीसमोर मांडा आणि उतार बघा. प्लेटवरच्या कॉलनी मोजून 'प्रति पेशी' काढू नका. एक लांब धागा एकच कॉलनी देतो, आकडा खोटा फुगतो.

आपल्याकडची खास गोष्ट: हे एन्झाइम मोजण्याची मिलरची मूळ पद्धत २८ अंशांची आहे. मे महिन्यात जळगाव-धुळ्यात पारा ४० च्या वर जातो आणि साधा वॉटर बाथ फक्त तापवतो, थंड करत नाही. एसी खोली किंवा चिलर नसेल तर सगळे नमुने एकाच दिवशी ३७ अंशांवर लावा, पण मग छापील मिलर युनिटशी तुलना नको. ओएनपीजी (एन्झाइमने पिवळा रंग देणारा पदार्थ) घातल्यापासून क्रिया थांबवणारं १ मोलर सोडियम कार्बोनेट टाकेपर्यंतची मिनिटं नळीगणिक लिहा.

आणि खरेदी विभाग. आरटी-पीसीआरला लागणारा फ्रीझरचा एन्झाइम शुक्रवारी मागवून शनिवार-रविवार तापलेल्या गोदामात पडू देणारे विभाग आहेत, आणि 'पार्सल पोहोचलं' एवढंच बघणारे. ऑर्डरवरच लिहून घ्या: सोमवारी रवाना, ड्राय आइसमध्ये. बर्फ उरला नसेल तर पावतीवर सही करू नका, फोटो काढा.

हे सगळं ई. कोलायच्या के-१२ या प्रयोगशाळेतल्या स्ट्रेनसाठी. कॉलोबॅक्टर या दुसऱ्या जिवाणूवर काम असेल तर हिशेब वेगळा. तिथे सीटीआरए हे नियंत्रक प्रथिन एफटीएसझेडचं ट्रान्सक्रिप्शन खरोखरच पेशीचक्राबरोबर दाबतं. तुमचा स्ट्रेन आणि तुकड्याची दोन्ही टोकं इथे लिहा, मग पुढचं सांगता येईल.