पानं ओली राहिली की तेल बिघडतं

प्रश्न : ताई, मी सांगलीची. साबणासाठी खोबरेल तेलात कडुलिंबाचा पाला टाकून ठेवला होता, आठ दिवसात वास मारायला लागला. आणि हळद घातली तर चालेल का?

उत्तर : अगं पाला ओला होता, तिथंच चुकलं. सावलीत वाळव, मुठीत दाबला की कुरकुर चुरा झाला पाहिजे, मगच तेलात घाल. हळद चिमूटभरच, आणि साबण लालसर झाला तर घाबरू नकोस, चुन्यानं हळदीचं कुंकू होतं ना, तसंच कॉस्टिक सोड्यानं, म्हणजे तेलाचा साबण करणाऱ्या जहाल क्षारानं होतं. कॉस्टिक वजन करूनच घे, अंदाजे अजिबात नको, आणि सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यात कधीच नाही, ॲल्युमिनियमचं पातेलं तर नकोच, स्टीलचं घे, हातमोजे-चष्मा घाल. वड्या 4 ते 6 आठवडे वाळू दे.