कॅप्टोप्रिल रिनोग्राम पहिल्यांदा करताना

किडनीची धमनी अरुंद झाल्यामुळे रक्तदाब वाढलाय का, हे कॅप्टोप्रिलची गोळी देऊन किडनीच्या स्कॅनवर बघायची ही तपासणी. आधी रुग्णाच्या गोळ्यांची पाकिटं स्वतः बघ. रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांसारखी कॅप्टोप्रिलच्याच गटातली औषधं डॉक्टरांनी काही दिवस आधी थांबवलेली नसतील, तर रिपोर्टचा अर्थ लावणं अवघड जातं. भरपूर पाणी पाज, आयव्ही लाइन लावूनच ठेव. कॅप्टोप्रिल दिल्यावर तासभर दर १०-१५ मिनिटांनी रक्तदाब घे, तो झपकन उतरू शकतो. ट्रेसरमध्ये (स्कॅनसाठी शिरेतून द्यायचा किरणोत्सारी पदार्थ) माझा कल टेक्नेशियम एमएजी-३ कडेच. किडनी मंदावलेली असली तरी चित्र स्वच्छ येतं. धमनी अरुंद असेल तर हा ट्रेसर त्या बाजूच्या किडनीच्या कॉर्टेक्समध्ये (बाहेरच्या थरात) रेंगाळतो, त्याचा आलेख उतरतच नाही. डीटीपीए हा दुसरा ट्रेसर मात्र त्या बाजूला मुळातच कमी उचलला जातो. दोन्हीकडे सारखाच बदल दिसला, तर धमनीला दोष देण्याआधी रक्तदाब पडला होता का, पाणी कमी पडलं का, ते तपास.