चार रेपो, एकच लिंट कॉन्फिग: कसं जमवायचं?

प्रश्न: टीम अर्धी पणजीत, अर्धी मडगावात. जावास्क्रिप्टचे चार रेपो (कोडची भांडारं), प्रत्येकात नियम वेगळे. कॉपी-पेस्ट न करता इएसलिंटचं (कोड नियमांनुसार तपासणारं, म्हणजे 'लिंट' करणारं साधन) एकच कॉन्फिग कसं वापरायचं?

उत्तर: कॉन्फिगचं वेगळं एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजं बसवणारं साधन) पॅकेज करा आणि खासगी रजिस्ट्रीत, म्हणजे टीमच्या पॅकेज-कोठारात टाका. इएसलिंट 9 पासून फ्लॅट कॉन्फिगच (सगळं कॉन्फिग एका यादीत, म्हणजे अ‍ॅरेत मांडायची पद्धत) डिफॉल्ट आहे, म्हणून पॅकेजने फक्त एक अ‍ॅरे एक्स्पोर्ट करायचा. रेपोतल्या कॉन्फिग फाइलमध्ये तो इम्पोर्ट करून स्प्रेड करा, म्हणजे त्यातले घटक तीन टिंबांनी तिथल्या यादीत पसरवा. त्या रेपोचे अपवाद त्याच्या खाली, कारण नंतरचा नियम आधीच्यावर मात करतो. प्लगिन पॅकेजच्या डिपेंडन्सीजमध्ये, खुद्द इएसलिंट मात्र पीअर डिपेंडन्सीत, म्हणजे त्याची आवृत्ती रेपोने ठरवायची.

लोक हमखास अडकतात ते 'इग्नोअर्स'मध्ये (तपासणीतून वगळायच्या फाइलींची यादी). ही की ऑब्जेक्टमध्ये एकटीच असेल तरच ती सगळीकडे लागू होते. शेजारी 'रूल्स' लिहिलंत की ती तेवढ्याच ऑब्जेक्टपुरती उरते, आणि लिंट बिल्डचा फोल्डरही चाळत बसतं. जुनी डॉट-इएसलिंटइग्नोअर फाइल तर आता वाचलीच जात नाही.

पणजीत विंडोज आणि मडगावात मॅक असेल, प्रिटियर (कोडची मांडणी एकसारखी करणारं साधन) लिंटमधूनच चालवत असाल, तर विंडोजवर ओळीओळीला एरर येऊ शकते. दोष नियमांचा नाही, सीआरएलएफचा, म्हणजे विंडोजच्या ओळ संपवण्याच्या खुणेचा; मॅकवर ती खूण एलएफ असते. गिट-अ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये इओएल (ओळ संपवण्याची खूण) एलएफ ठरवून टाका.

नवा नियम आधी 'वॉर्न' ठेवा. 'एरर' करताना पॅकेजचं मेजर व्हर्जन (आवृत्तीतला पहिला आकडा) वाढवा, नाहीतर साध्या अपडेटनेच चारही बिल्ड लाल.