कोकणात पहिला पूल डिझाइन करतोयस? आधी हे बघ

अभिनंदन! सॉफ्टवेअर दोन दिवस बंदच ठेव. आधी जागेवर जा, तेही शक्यतो पावसात. ओढ्याकाठच्या म्हाताऱ्या माणसांना विचार, ‘पाणी कुठवर आलं होतं?’ ते भिंतीवरची खूण दाखवतील. ती तुझ्या हिशोबातल्या पूरपातळीच्या वर निघाली, तर हिशोब पुन्हा मांड.

पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या भागातलं पाणी तुझ्या ओढ्यात येतं तो सगळा भाग, नकाशावर पूर्ण आखून घे. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, पूर येतो महाडला. 22 जुलै 2021च्या सुमारास महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिमी पाऊस पडला. महाडचा पाऊस बघून तो पूर कळला नसता.

नवखे इंजिनिअर हमखास इथे चुकतात:

- सगळं लक्ष स्लॅबवर. पूल बहुतेक वेळा खालून, पायापासून ढासळतो. खांबाशी पाणी भोवरा घेतं, पायाजवळची वाळू-माती उकरून नेतं आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून पाया त्या खड्ड्याच्याही खाली न्यायचा, जमेल तिथे पक्क्या खडकात.
- मोरीला बारीक पाइप. पाणी मावतं हो, पण ओंडके, बांबू, प्लास्टिक? तोंड तुंबलं की पाणी रस्त्यावरून जातं आणि भराव कापतं. बॉक्स मोरी, म्हणजे चौकोनी, रुंद तोंडाची मोरी घाल.
- रिटेनिंग वॉलला (माती अडवणाऱ्या भिंतीला) वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर काढणारी भोकं, दाखवायची आणि मागे दगडगोट्यांचा फिल्टर विसरायचा. मग भोकं चिखलाने बुजतात.

मॉडेलिंगचं नंतर बोलू. पाहणी झाली की ओढ्याचे क्रॉस सेक्शन (आडवे छेद) इथेच टाक, पुलाच्या वरच्या आणि खालच्या अंगाचेही.