मुंबईत ती गुलाबी फुलांची झाडं नक्की कुठे बघायला मिळतात?

फेब्रुवारीअखेर दोनच दिवस मुंबईत आहात आणि रीलमधली गुलाबी झाडं बघायची आहेत, असं तुम्ही लिहिलंय. विक्रोळीला जा. पूर्वेला उतरून रिक्षाने ईस्टर्न एक्सप्रेस हायवे गाठा, तिथून घाटकोपरच्या बाजूला नजर टाका. सकाळी आठच्या आत पोचा, फोटोसाठी हायवेवर उतरू नका, सर्व्हिस रोडवरूनही दिसतात. झाडाचं नाव टॅबेबुया, मूळचं मध्य अमेरिकेकडचं. झालं तुमचं उत्तर.

पण त्याच महिन्यात इथे काटेसावरही फुलते आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही, याचा मला राग आहे.

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत एक सावर आहे, बिल्डिंगपेक्षा जुनी. जानेवारी संपता संपता अंगावर एक पान राहत नाही आणि मग नुसत्या फांद्यांवर मुठीएवढी लाल फुलं. साडेसहाला खाली गेलं की वर साळुंक्या, बुलबुल, कावळे, खारी यांचं भांडण चालू असतं आणि मध्येच एखादं फूल धप्पकन पडतं. पाकळी जाड, मांसल, हाताला गार लागते. एप्रिलनंतर बोंडं फुटून कापूस उडतो. आई तो वेचून पिशवीत भरायची. तिच्या हातची सावरीची उशी अजून माझ्याकडे आहे.

२०१९ च्या फेब्रुवारीत असंच एक फूल आमच्या सेक्रेटरींच्या नव्या पांढऱ्या गाडीवर पडलं. त्याच आठवड्यात एक आजी घसरल्या (लागलं काही नाही). लगेच मीटिंग. विषय एकच, झाड काढा. मी म्हटलं, १९७५ चा झाडांचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. त्यावर सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्या गावी होळीला सावरच तोडतात ना?" सगळे हसले. तोडतात, खरं आहे. त्या दिवशी मला काही सुचलं नाही. आज सांगतो : आमच्या गावात सावरी शेकड्यांनी आहेत, या कंपाउंडमध्ये एक आहे.

मग त्यांनी 'धोकादायक फांद्यांची छाटणी' असा अर्ज केला. मी ऑफिसातून परत येईपर्यंत नुसता खांब उरला होता आणि खाली कळ्यांचा खच. शिवाय गेटपाशी हौसेने दोन टॅबेबुया लावले. का, तर "फोटो छान येतात". सावरीला पुन्हा फुलं यायला दोन वर्षं लागली. पहिल्या वर्षी अकराच आली, मी मोजली होती.

तेव्हा दुसरा दिवस बोरिवलीच्या नॅशनल पार्कला द्या. सावर, पळस, पांगारा, तिन्ही एका फेरीत दिसतील. वेळ उरला तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत उर्वशीचं झाड कुठे आहे ते माळ्याला विचारा. बहावा आणि ताम्हण बघायचे तर एप्रिल-मेमध्ये परत यावं लागेल. ताम्हण हे आपलं राज्यफूल, हे निम्म्या मुंबईला माहीत नसतं.

टॅबेबुया वाईट आहे असं नाही. गेटजवळचे दोन्ही यंदा फुललेत आणि बरे दिसतात, नाइलाजाने सांगतो. शिवाय बहर दरवर्षी पंधरा दिवस मागेपुढे होतो, त्यामुळे विक्रोळीला नुसती पानं दिसली तर मला शिव्या घालू नका.

आणि सावरीखाली गाडी लावू नका. डाग खरंच जात नाही, सेक्रेटरींचं तेवढं बरोबर होतं.