फोर-बाय-फोर करून घेतलेली व्हॅन खड्ड्यात फार आदळते, शॉक बदलू का?

तुम्ही लिहिलंय की व्हॅनला पुढे सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा) आणि पाटे (एकावर एक पोलादी पानं रचलेल्या स्प्रिंगा) बसवून फोर-बाय-फोर करून घेतली, तेव्हापासून लहानशा खड्ड्याचा दणकाही थेट पाठीत बसतो, आणि आता महागडे शॉक घ्यायच्या विचारात आहात. जरा थांबा. शॉकला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

आधी चाकांतली हवा बघा. अशा व्हॅनला जड भाराचे टायर असतात आणि टायरवर छापलेला कमाल आकडा, बऱ्याचदा 80 पीएसआय, तोच भरायचा आकडा समजून लोक हवा मारतात. तो आकडा पूर्ण भारासाठी असतो. पाणी, सामान, माणसं धरून पुढचं आणि मागचं ॲक्सल काट्यावर वेगवेगळं तोलून घ्या आणि टायर कंपनीच्या तक्त्यात त्या वजनाला किती हवा लागते ते बघा. त्याहून कमी मात्र नको, टायर तापतो. माझ्या गाडीचा बारीक खडखडाट एवढ्यानेच गेला होता.

हीच वजनं पाट्यांसाठीही लागतात, आणि खरं दुखणं बहुधा तिथेच असतं. बदल करून देणारा माणूस तुम्ही उद्या किती सामान भराल हे ओळखू शकत नाही, म्हणून तो जास्तीत जास्त वजनाचा हिशोब करून पाटे टाकतो. मग हलक्या गाडीखाली ते दबतच नाहीत. तपासायचं असेल तर चासी स्टँडवर टेकवा, शॉकचा खालचा बोल्ट काढा, ॲक्सल लोंबकळू द्या आणि चासी ते ॲक्सल अंतर मोजा. गाडी जमिनीवर उतरवून पुन्हा मोजा. हिशोब ढोबळ आहे, पण फरक 25 सेंटिमीटर असेल तर गाडी सेकंदाला साधारण एकदा झुलते, 10 सेंटिमीटरला दीड वेळा, 6 सेंटिमीटरला दोन वेळा. एक ते दीडमध्ये अंगाला बरं वाटतं. दोनच्या आसपास गेलात की ट्रकच.

आता बंप स्टॉप, म्हणजे ॲक्सल फार वर आलं की त्याला अडवणारा रबराचा ठोकळा. गाडी उंच दिसते म्हणून खाली भरपूर जागा असेल असं वाटतं, प्रत्यक्षात कित्येकदा दोन बोटंही फट नसते. बंप स्टॉपच्या टोकाला मातीचा गोळा चिकटवून नेहमीच्या रस्त्यावर चक्कर मारा. गोळा चपटा झाला असेल तर तुम्हाला जाणवणारा दणका पाट्यांचा नाही, ॲक्सल रबरावर आपटतंय. तशा वेळी पाटे मऊ केले तर हाल वाढतील. म्हणूनच पाट्यांतलं एक पान काढून टाकायचा सल्ला मला पटत नाही: गाडी बसते आणि उरलीसुरली फटही जाते. त्यापेक्षा तोललेलं वजन सांगून लांब आणि पातळ पानांचे पाटे बनवून घ्या. पानांच्या टोकांना घर्षण कमी करणारे तुकडे असतील तर उत्तम, कारण घासणारी पानं लहान धक्क्याला हलतच नाहीत.

शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चासीला जोडणारी झुलती कडी, तीही बघून घ्या. पाटा दबताना लांबतो, त्यामुळे शॅकलला त्या दिशेला झुकायला वाव हवा. तो आधीच शेवटापर्यंत झुकलेला असेल तर पाटा अडकतो. पाट्याच्या टोकांतल्या रबरी बुशांचे (नळीसारख्या रबरी गाद्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे, लोंबकळत्या ॲक्सलवर आवळले तर बुश कायम पिळलेलं राहतं.

एवढं झालं की शॉक, आणि तेही नव्या पाट्यांना जुळतील असे. कडक पाट्यावर मऊ शॉक टाकला तर दणका तसाच राहतो, वर गाडी डोलायला लागते. उंची बदलली तर ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना ते बघा आणि कॅस्टर (पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा पुढे-मागे कल) मोजून घ्या, नाहीतर स्टिअरिंग भरकटतं.

दोन्ही ॲक्सलची वजनं आणि बंप स्टॉपची फट इथे लिहा, म्हणजे पाटे कसे सांगायचे ते नेमकं बोलता येईल.