एकच नियम बदल

सातारा

प्रिय मित्रा,

तुझी यादी बघितली. वाचायची पुस्तकं, बघायच्या मालिका, खेळायचे गेम्स, सगळं एका दमात उरकायचा बेत दिसतो. त्यातली निम्मी नावं तरी केवळ गाजली म्हणून आली आहेत, ती तूर्त बाजूला ठेव. तुला विज्ञानकथा लिहायच्या आहेत. तेव्हा खाली सांगतोय त्या प्रत्येक कलाकृतीत एवढंच शोध: लेखकाने जगाचा कोणता एक नियम बदलला आणि त्याची किंमत कुणाला मोजायला लावली.

सुरुवात जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’पासून कर. विश्वासरावांना लागलेली गोळी या कथेत चुकते. बदल तेवढाच. पण त्यामुळे मराठे १७६१ ची लढाई जिंकतात आणि पंत पोचतात त्या मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदत असते. वाचताना वहीत दोन रकाने आख, एकात बदललेल्या गोष्टी आणि दुसऱ्यात न बदललेल्या. नवशिके लेखक पहिलाच रकाना भरत बसतात. वाचकाला त्या जगात उभं राहायला जागा मिळते ती दुसऱ्यामुळे. शेवटी संवादातून होणारा उलगडा मला लांबलेला वाटतो, पण खिशात उरलेलं ते फाटकं पान बघ. पुरावा म्हणून तेवढं पुरतं.

मग त्यांचीच ‘उजव्या सोंडेचा गणपती’. त्यात डाव्याचं उजवं होतं, आरशातल्यासारखं. कथा संपली की स्वतःला विचार, असा उलटलेला माणूस जेवेल काय? आपल्या शरीरातली विकरं (एन्झाइम्स) ठरावीक घडणीच्याच रेणूंवर काम करतात. साखरेचा आरशातला जोडरेणू चवीला गोड लागला तरी पचेलच असं नाही. म्हणजे भरल्या ताटावर उपासमार. नियमाची किंमत काढायची ती अशी, पोटापासून.

डॅनियल कीज यांची ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन’ मूळ कथेच्या रूपातच वाच. कथा १९५९ ची, कादंबरी १९६६ ची, आणि कथा जास्त आवळलेली आहे. मंदबुद्धी नायकाची बुद्धी शस्त्रक्रियेने वाढत जाते, हे कुणी सांगत नाही. त्याच्याच नोंदींतलं शुद्धलेखन आणि वाक्यांची लांबी ते दाखवतात. मराठीत एक पान करून बघ. पहिल्या नोंदीत ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, पाचवीत मिश्र वाक्यं. फक्त चुका कुठेही पेरू नकोस. एक माणूस एकाच तऱ्हेने चुकतो, तशा ठेव.

भयाची ओढ असेल तर नारायण धारप आहेतच. ‘तुंबाड’ (२०१८) हा चित्रपट बघताना पिठाच्या बाहुलीवर नजर ठेव. एक बाहुली नेली तर काय होतं आणि अनेक नेल्या तर काय, ते दोन प्रसंग शेजारी ठेवून बघ. हावरटपणावर भाषण न देता तो हिशेबात कसा मांडायचा, ते त्यात आहे.

गेम एकच सांगतो, ‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९). दर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि तू पुन्हा पहिल्या ठिकाणी जागा होतोस. हत्यार नाही, गुण नाहीत, बरोबर येतं ते फक्त तुला कळलेलं. म्हणून याचे व्हिडिओ अजिबात बघू नकोस. रहस्य फुटलं की खेळण्यासारखं काही उरत नाही. शक्य असेल तर गेमपॅडवर खेळ. यानाचा ऑटोपायलट लावलास तर वाटेत सूर्य आहे की नाही ते तो बघत नाही, सरळ आत घालतो. अडलास की यानातली नोंदवही उघड. जिथे अजून काही शोधायचं बाकी आहे ती ठिकाणं त्यात दाखवलेली असतात.

मालिकेत ‘डार्क’. जर्मन आहे, तीन पर्वं, २६ भाग. डब न ऐकता मूळ आवाज आणि सबटायटल्स ठेव. रोज दोनच भाग, त्याहून जास्त बघितलेस तर नाती डोक्यात मिसळतात. सुरुवातीला काळ ३३ वर्षांच्या टप्प्यांनी फिरतो: १९५३, १९८६, २०१९. प्रत्येक कुटुंबाला एक पान दे आणि तीन रकाने कर. कालप्रवासाच्या मराठी कथा बहुतेक वयांच्या हिशेबात फसतात, पात्र आजोबांपेक्षा थोरलं निघतं. या कागदाची सवय तुझ्या लेखनाला उपयोगी पडेल.

आता तुझं काम. तू सांगलीचा, तेव्हा मंगळावर जायची घाई नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. समज, ४० फुटांना शहरातल्या प्रत्येकाला उद्याचा दिवस आठवू लागतो आणि ४५ ला पुढचा आठवडा. गणपती पेठेतले व्यापारी माल हलवतात हे पहिल्यांदा सुचेल. ते टाकून दे, सगळ्यांनाच सुचतं. ज्या घरात उद्या एक माणूस कमी असणार आहे, त्या घरी आज चुलीवर काय आहे, तिथून सुरू कर.

हीच कथा ‘ट्वाइन’ या सॉफ्टवेअरमध्ये फाटे फोडून बांध. ते मोफत आहे, ब्राउझरमध्ये चालतं, देवनागरी घेतं. चौकोनी कंसांच्या दोन जोड्यांत शब्द लिहिलास की नवा परिच्छेद जोडला जातो. दर वळणावर दोन पर्याय दिलेस तर पाचव्या वळणाला ३२ शेवट होतात आणि लेखक तिथेच बसतो. म्हणून दोन वळणांनंतर फाटे परत एकत्र आण, बदलत राहू दे ती फक्त पाण्याची पातळी. आणि रोज फाइल उतरवून ठेव. काम ब्राउझरमध्येच साठतं, कुणी त्याचा डेटा पुसला की कथाही गेली.

मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा डोक्यात असू दे. नारळीकरांनी १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ तिथेच ना. वि. जगताप या नावाने पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. तुलाही टोपणनाव घ्यायला हरकत नाही, पण आधी त्या वर्षीची शब्दमर्यादा बघून घे. मला पाठवशील तो मसुदा १,५०० शब्दांच्या आत हवा, आणि उलगडा करणारे संवाद पेन्सिलीने चौकटीत घातलेले. चौकटी वगळून मी तो वाचेन. कुठे अडलो ते समासात लिहून परत पाठवतो.

तुझा,
सर